तेवीस फोनांतलं नाव

धान रुमालात बांधून आणलं होतं, आणि रुमाल इस्त्रीचा होता. मनालीच्या सगळ्यात आधी ध्यानात आलं ते हेच.

तुमसरच्या त्या राइस मिलच्या प्रयोगशाळेत दोन वर्षांत तिनं धान पोत्यातून, पिशवीतून, डब्यातून, एकदा तर डोक्यावरच्या टोपीतून आलेलं पाहिलं होतं. पण चारही कोपरे जुळवून गाठ मारलेला पांढरा रुमाल... आणि तो हातात धरून उभा असलेला, केसांत भुसा अडकलेला तरुण — हे नवीन होतं.

"ओलावा मोजून मिळेल का, मॅडम? म्हणजे... मी मोजलाय. फक्त खात्री करायची आहे."

"कशानं मोजला?"

त्यानं मोबाइल पुढे केला. पडद्यावर धानाचा फोटो आणि त्याखाली ऐटीत, हिरव्या अक्षरांत — बारा टक्के.

मनालीनं गाठ सोडली, दाणे यंत्राच्या कपात ओतले, झाकण फिरवलं. आकडा स्थिर होईपर्यंत ती आकड्याकडे पाहत होती आणि तो तिच्याकडे. तिनं तीनदा मोजलं.

"सोळा पूर्णांक आठ."

"बाप्पा! मग हे अ‍ॅप?"

"फोटोवरून ओलावा सांगणारं अ‍ॅप," ती शांतपणे म्हणाली, "म्हणजे फोटोवरून ताप सांगणारा डॉक्टर."

"ताप तर सांगता येतो, मॅडम. कान लाल झाले असले म्हणजे."

तिचा हात नकळत कानाकडे गेला. कान गरम होता. नोव्हेंबरच्या सकाळी!

कोपऱ्यात नमुन्यांच्या पुड्या लावत बसलेले तुलाराम भाऊ खाकरले. मिलमध्ये त्यांना तीस वर्षं झाली होती. "साहेब, दाणा दाताखाली धरत जा. कट्‌ वाजला का वाळला. त्याले नेट नाही लागत."

तो हसला. मोकळं, मोठ्यानं, स्वतःवरच. नाव अनुप, राहणार तुमसर. एका संस्थेतर्फे गावोगावच्या बायकांना मोबाइल शिकवतो, रोजच्या कामाला येतील ती अ‍ॅप्स. हे धान त्याच्या वर्गातल्या बायकांचं. कापलेलं धान पोत्यात भरण्याइतकं वाळलं का, हे त्यांनी फोनला विचारलं होतं आणि फोननं थाप मारली होती.

"कोणत्या गावचा वर्ग?"

"करडी. समाजमंदिरात, दर रविवारी."

मनालीच्या हातातला कप तसाच राहिला. करडी तिचंच गाव. आणि दर रविवारी दुपारी आई सुमनबाई नवं लुगडं नेसून 'मोबाइलच्या शाळेत' जात होती; तिथले सर फार हुशार आहेत म्हणून घरभर सांगत होती. मनालीनं मनाशी त्या सरांना टक्कल दिलं होतं, चष्मा दिला होता, पन्नाशी दिली होती.

सरांच्या केसांत तर भुसा होता!

*

पुढच्या रविवारी आईचा चष्मा घरी राहिला, म्हणून मनाली तो द्यायला समाजमंदिरात गेली. त्याच्या पुढच्या रविवारी चष्मा घरी राहिला नाही, तरी गेली.

वर्गात तेवीस बायका. कापणीनं काळवंडलेले हात आणि त्या हातांत जपून धरलेले फोन. अनुप कधी खुर्चीवर बसायचा नाही. सतरंजीवर गुडघे टेकून एकेकीजवळ जायचा. त्यानं जनाबाईला बारीक अक्षर मोठं करून दाखवणारं अ‍ॅप उघडून दिलं. जनाबाईनं कंबरदुखीच्या गोळ्यांची पट्टी त्याखाली धरली आणि किंचाळलीच. "अवो माय! हे तर दोन वर्षांआधीच मेली!" म्हणजे गोळ्यांची मुदत. दोन वर्षं ती त्याच खात होती, आणि त्यांनीच बरं वाटतं म्हणून साऱ्या गावालाही देत होती. मग प्रत्येकीला आपापल्या घरच्या गोळ्या आठवल्या, आणि अर्धा वर्ग उठून घरी पळाला.

पाऊस सांगणारं अ‍ॅप, गाडी कुठवर आली ते दाखवणारं अ‍ॅप, कागदाचा स्वच्छ फोटो काढून तहसीलला पाठवणारं अ‍ॅप... बायका हरखून जात. अनुपला शंका आली की तो मनालीकडे पाही.

"मॅडम, बरोबर सांगून राहिलो ना मी?"

"बरोबर. फक्त 'सत्तर टक्के पाऊस' म्हणजे सत्तर टक्के गावात पाऊस नव्हे."

"मग?"

"शक्यता."

"शक्यता..." तो शब्द त्यानं जिभेवर घोळवला. "सत्तर टक्के म्हणजे माणसानं आशा ठेवावी का छत्री?"

"छत्री," ती म्हणाली आणि खिडकीबाहेर पाहू लागली. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं.

एका रविवारी त्यानं अनोळखी नंबर कुणाचा, ते दाखवणारं अ‍ॅप शिकवलं. फसवे फोन फार येत होते. "एखाद्या नंबराले लोकांनी आपापल्या फोनात जे नाव देलं असते, त्यातलं जास्तीत जास्त लोकांचं नाव हे अ‍ॅप दाखवते," तो सांगत होता. "म्हणून नंबर जतन करताना ओळखीचं नाव लिहा. एकीनं लिहिलं का बाकीच्यांना पाठवा. हे पाहा, असं."

आता करडीत कुणाला नुसत्या नावानं कोण ओळखतं? फोनांमध्ये होती 'गुलाबची आई', 'सरपंचाची सून', 'चक्कीवाल्याचा साळा'. माणूस कुणाचा, हे कळलं की झालं.

तेव्हा मनाली चहा करायला घरी गेली होती. सगळ्यांसाठी चहा घेऊन परत आली, तर वर्ग एकदम गप्प झाला. शेजारची चंद्रकला पदरात तोंड खुपसून खोकत होती.

"काय झालं?"

"काही नाही वं. मिरची लागली."

वर्गात मिरची कुठून आली, हे मनालीनं विचारलं नाही. अनुपनं चहाचा कप घेतला तेव्हा त्याची बोटं तिच्या बोटांना टेकली होती. नेमका अर्धा सेकंद.

त्याचा नंबर मात्र तिच्याजवळ नव्हता. मागायला कारण लागतं, आणि तपासलं तर टिकेल असं कारण तिला सापडत नव्हतं. पाहता पाहता आणखी दोन रविवार गेले, आणि वर्गाचे आता दोनच उरले. मग तो पवनीकडच्या गावांना जाणार होता. तिनं पवनीचं अंतर दोनदा पाहिलं, आणि फोन उलटा करून ठेवला.

*

मंगळवारी, अकरा वाजून चाळीस मिनिटांनी, प्रयोगशाळेत तिचा फोन वाजला.

अनोळखी नंबर. त्याखाली अ‍ॅपनं नाव दाखवलं.

मनालीचा नवरदेव.

तिनं डोळे मिटले, उघडले. नाव तिथेच होतं. तिच्या हातातला धानाचा कप कलंडला. दाणे टेबलावरून उड्या मारत फरशीवर पसरले. फोन वाजून वाजून थांबला.

तुलाराम भाऊ दाणे वेचायला वाकले आणि वर येता येता त्यांना पडदा दिसला. त्यांचा चेहराच पडला.

"मॅडम..." आवाजात खरंखुरं दुःख होतं. "लगन करून टाकलं, अन् आमाले साधं जेवण नाही देल्लं?"

"भाऊ, मी... माझं... नाही हो!"

"मग हा कोण?"

फोन पुन्हा वाजला. पुन्हा तेच नाव. मनालीनं तो निखारा उचलावा तसा उचलला.

"हॅलो?"

"मॅडम, मी अनुप. वर्गातला. म्हणजे... वर्ग घेणारा. तुमचा नंबर वर्गातल्या बायकांकडून घेतला."

तिनं फोन कानावरून काढला, पडद्यावरचं नाव पुन्हा वाचलं आणि परत कानाला लावला.

"मॅडम, ऐकून राहिल्या ना? एक घोटाळा झाला. माझ्या नंबरचं रिचार्ज संपलं होतं, तर सकाळी मी आईले माझ्या दुसऱ्या, वर्गातल्या बायकांना देलेल्या नंबरावरून फोन केला. तिच्या फोनात ते अ‍ॅप मीच टाकून देलं होतं. तिनं नाव पाह्यलं, अन्... अन् ती करडीले निघाली."

"करडीला?"

"तुमच्या घरी. वर्गाच्या गोष्टी तर मी घरी सांगतच असतो. करडीची मनाली कोणती, ते तिले विचारावं नाही लागलं."

फरशीवर पसरलेल्या दाण्यांकडे मनाली पाहत राहिली. बारकाव्यानं विचार करायची सवय असलेलं तिचं डोकं आज एकाच जागी गरगरत होतं: आई एकटी घरी आहे... आई एकटी घरी आहे...

"मी मिलच्या फाटकाशी उभा आहो," तो म्हणाला. "गाडी घेऊन."

दोन वर्षांत पहिल्यांदा मनालीनं अर्धी रजा टाकली. तुलाराम भाऊंनी काही विचारलं नाही. फक्त म्हणाले, "माह्याकडून अकरा रुपये आहेर समजा."

*

मोटरसायकलवर ती मागे बसली, मध्ये बॅग ठेवून. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापलेल्या धानाच्या ओळी उन्हात पडल्या होत्या.

वैनगंगेच्या पुलावर वारा आला. त्याच्या शर्टाचा मागचा भाग फुगून तिच्या हाताला लागला. तिनं हात मागे घेतला... सगळा नाही.

"एका फोनातल्या नावानं असं होत नाही," ती अखेर म्हणाली.

"काय म्हणाल्या?"

"अ‍ॅप जास्तीत जास्त लोकांनी दिलेलं नाव दाखवतं. तुम्हीच शिकवलं. म्हणजे हे नाव पुष्कळ फोनांत आहे."

त्यानं उत्तराऐवजी गाडीचा वेग वाढवला. गाडीच्या आरशात तिला त्याचा एक कान दिसत होता, आणि तो कान लालभडक झाला होता.

माझ्या घरच्यांनीच हे केलं असं वाटलं असेल का त्याला? की मी? दोन रविवार उरले होते. आता तेही गेले. सारं गाव हसेल, आणि तो गाडीला किक मारून निघून जाईल. आपल्या मनात काय होतं हे तिनं अजून स्वतःलाही धडपणे सांगितलेलं नव्हतं, आणि सांगायच्या आधीच ते चव्हाट्यावर आलं होतं!

*

अंगणात वर्ग भरला होता. अख्खा. मंगळवार असून.

ओसरीवर दोन आया समोरासमोर बसल्या होत्या. सुमनबाईंचा चेहरा कागदासारखा पांढरा. समोर अनुपची आई कुंताबाई, मांडीवर मोठी कापडी पिशवी.

मनालीला पाहताच त्या उठल्या. तिला खालून वर, वरून खाली पाहिलं.

"जय भीम, मावशी," मनाली कसंबसं म्हणाली.

"जय भीम, बेटा. मावशी काहून म्हणतेस? आता तर सासूच म्हण." मग मुलाकडे वळून, "काहून रे? एवढा परका केला मायले? फोनात पाह्यलं तं माह्या हातचा तवाच पडला. बसमध्ये अर्ध्या रस्त्यापर्यंत ठरवलं होतं, तुले दोन थापडा माराच्या."

"आणि मग?" चंद्रकलेला राहवलं नाही.

"मग नदी आली, थंड हवा लागली. म्हटलं, चला बाप्पा, सून तं आली! उतरल्यावर दुकानातून पातळ घेतलं." त्यांनी पिशवी उघडून आंबा रंगाचं पातळ दाखवलं.

"आई," अनुप म्हणाला, "लगन झालं नाही."

"काय?"

"झालंच नाही. ते नुसतं नाव आहे. फोनातलं."

कुंताबाई मटकन खाली बसल्या. लग्न झालं हे कळल्यावर बसला नसेल एवढा धक्का त्यांना आता बसला. "झालंच नाही? अन् हे पातळ?"

मग सुमनबाईंना वाचा फुटली. "कोणं लिहिलं ते नाव? सांगा! माह्या पोरीची अब्रू म्हणजे काय खेळणं वाटलं तुमाले?"

तेवीस... नाही, बावीस बायकांनी जमिनीकडे पाहिलं. चंद्रकला पुढे आली.

"मी लिहिलं, काकी. सर कोणाचे कोण, तेच लिहाले जमेना. नुसतं 'अनुप' लिहिलं तं माह्या फोनात तीन अनुप. मंग कोणाचा लिहू? सर तं आमचे कोणाचेच नाही. पण दर रविवारी आल्या-आल्या विचारत, 'मनाली मॅडम नाही आल्या का?' पहिलं तेच. नमस्काराच्याही आधी. म्हटलं, असन तं मनालीचाच असन! लिहिलं, अन् सरांनी शिकवलं तसं बावीस जणींले पाठवून देलं."

मनालीनं अनुपकडे पाहिलं. दर रविवारी? नमस्काराच्याही आधी?

अनुप आपल्या चपलेकडे पाहत होता.

"बावीस कशा?" सुमनबाई कडाडल्या. "तुह्या एकीचा, अन् आणखी बावीस? वर्गात तेवीसच आहोत आपण. म्हणजे मी धरून?"

"हो, काकी. तुमच्याही फोनात आहे."

"मी... माह्याजवळ तवा चष्मा नव्हता."

"नाकावर होता, काकी. तुमी वाचलं, अन् दोनदा वाचलं. मंग 'जतन करा' दाबलं."

"आई!" मनालीच्या तोंडून निघालं.

सुमनबाईंनी पदर डोक्यावर ओढला, जणू ऊन लागलं. "सर, तुमी ते नाव आत्ताच्या आत्ता पुसून टाका. पुसता येते ना?"

"येतं," उत्तर मनालीनं दिलं. सकाळी फोन ठेवल्या ठेवल्या तिनं ते अ‍ॅप उघडून सारं वाचून काढलं होतं. "ज्याचा नंबर आहे तो स्वतः नाव दुरुस्त करू शकतो. दोन मिनिटं लागतात." मग ती थांबली. एक विचार डोक्यात हळूहळू उलगडत गेला. "सर... तुम्हाला हे नाव कधी कळलं?"

अनुपनं मान वर केली.

"आज सकाळी ना?"

"नाही," तो म्हणाला. "तहसीलमधल्या बाबूले फोन लावला होता, तर तो म्हणाला, 'बोला, नवरदेव.' त्याले अकरा दिवस झाले."

कुणीतरी मोठ्यानं श्वास घेतला. बहुतेक बावीस जणींनी एकदम.

*

मागच्या अंगणात ताडपत्रीवर धान वाळत होतं. मनाली तिथे जाऊन उभी राहिली, कारण पुढच्या अंगणात उभं राहणं शक्य नव्हतं. पाठोपाठ तो आला. मधलं दार आपोआप लोटलं गेलं, पण पूर्ण नाही; फटीत चार-पाच डोळे दिसत होते.

"दोन मिनिटांचं काम," ती म्हणाली. "अकरा दिवस. काहून नाही बदललं?"

"रोज उघडत होतो. नावाच्या चौकटीत 'अनुप' लिहीत होतो..." त्यानं पायानं धान जरासं सारलं. "अन् पुसत होतो."

"काहून?"

"मॅडम, तुम्ही प्रश्न विचारता तर असं वाटते, यंत्रात टाकून झाकण फिरवलं."

"उत्तर द्या."

"नुसतं 'अनुप' फार रिकामं वाटत होतं." त्याचा आवाज खाली गेला. "ते दुसरं नाव पाह्यलं का दिवस चांगला जाय. खोटं आहे, माहीत होतं. माझी हिंमत नव्हती म्हणून बायकांनी लिहिलेलं राहू देलं. चूक झाली. तुमच्या घरापर्यंत येईल असं नव्हतं वाटलं. तुम्ही म्हणत असाल तर... हे पाहा, आत्ता बदलतो."

त्यानं फोन काढला. चौकट उघडली. अंगठा अक्षरांवर नेऊन थांबला. तेवीस बायकांना बोट कुठे ठेवायचं ते शिकवणाऱ्या त्याला एक अक्षर दाबवेना.

मनालीनं त्या चौकटीकडे पाहिलं. आपण आता गप्प राहिलो तर तो नाव बदलेल, मान खाली घालून माफी मागेल, आणि पवनीला जाईल. सारं बरोबर होईल. अगदी बिनचूक.

"थांबा," ती म्हणाली.

तो थांबला.

"नोंद चुकीची आहे. मला चुकीची नोंद चालत नाही."

"माहीत आहे."

"चुकीची नोंद दुरुस्त करायचे दोन मार्ग असतात. एक... नोंद बदलायची."

"अन् दुसरा?"

दाराची फट रुंदावली. मनालीला ते दिसलं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच कोण ऐकतंय याचा तिला काही फरक पडला नाही.

"दुसरा... नोंद तशीच ठेवायची. आणि ती खरी करायची."

प्रत्येक प्रश्नाला ज्याच्याकडे एक अ‍ॅप होतं, त्या माणसाला साधा 'हो' सापडेना. फोन हातातून निसटला आणि वाळत्या धानात रुतला. तो उचलायचंही त्याला सुचलं नाही.

"म्हणजे... तुम्ही... मॅडम, म्हणजे तुमचं..."

"मनाली," ती म्हणाली. "मॅडम नाही."

"मनाली," त्यानं म्हणून पाहिलं. मग पुन्हा एकदा. "मी आईले सांगू?"

मधलं दार धाडकन उघडलं. सगळ्यात पुढे कुंताबाई होत्या, हातात पातळ घेऊन; त्यांच्या खांद्यावरून सुमनबाई डोळे पुसत होत्या.

"सांगू नको, बाप्पा," कुंताबाई म्हणाल्या. "आमाले सारं ऐकू आलं. पोरी, इकडे ये. रंग तरी पसंत आहे का, ते पाहू दे."